बाळारामभाऊंचे ब्रेक

ठोंबऱ्यांचा नातू पहिल्यांदा चालला तो दिवस मला पक्का आठवतो, कारण त्या दिवशी माझ्या कुरडयांचं वाटोळं झालं. त्यांचं आणि आमचं अंगण एकच. पोर तुळशीपाशी उभं राहिलं, डुगडुगत निघालं आणि थेट माझ्या वाळवणाच्या दिशेनं आलं. त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी, आजी दृष्ट काढायला मीठमोहरी आणायला आत पळाली, मीही टाळ्या पिटत होते. आजोबा तेवढे ओटीच्या पायरीवर ढिम्म बसून होते. पोर कुरडयांत जाऊन आडवं झालं, तेव्हा ते म्हणाले, "चालतंय ते ठीक हाय. थांबतंय का?"

हे आमचे शेजारी, बाळारामभाऊ ठोंबरे. ऐंशी साल उजाडायच्या आधीची गोष्ट. मी कर्जतला मराठी शाळेत शिकवत होते, माझे यजमान रोज मुंबईला नोकरीला जायचे आणि भाऊ नुकतेच रेल्वेतून निवृत्त होऊन घरी बसले होते. बसले होते हे आपलं म्हणायचं. घाट उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता, कधी कर्जतला, कधी वर लोणावळ्याला. हातात हातोडी घेऊन गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, चाकाशेजारचे ठोकळे बघायचे, नळ्या ओढून बघायच्या. निवृत्तीनंतर हातोडी गेली, बाकी सगळं राहिलं. दहा पावलं चालायचे, थांबायचे, आपल्याच चपलांकडे बघायचे, पुन्हा दहा पावलं. आमच्या दारात आले की चौकटीवर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकायचे आणि मगच आत यायचे. बोलतानाही तसंच. वाक्याच्या अर्ध्यावर गप्प. माझे यजमान म्हणायचे, भाऊंकडे गप्पा मारायला जाताना डबा घेऊन जावं.

घाटात एक नियम होता, तो भाऊंनी मला किमान शंभर वेळा सांगितला असेल. खाली येणाऱ्या गाडीनं मधे ठरलेल्या जागी पूर्ण थांबायचं. थांबली, तरच पुढचा उताराचा रूळ खुला करायचा. "ड्रायव्हर कितीबी मोठा सायब असू दे," भाऊ म्हणायचे, "पयलं थांबून दावायचं. मंग खाली जायचं." हा नियम त्यांनी घरालाही लावला होता. सून तापलेली कढई घेऊन निघाली की ओटीवरून आवाज यायचा, "उंबऱ्याला थांब गं." जावई रागारागानं काही बोलायला लागला की भाऊ नुसता हात वर करायचे. जावई थांबायचा आणि मग त्याला आपण कशावरून चिडलो होतो तेच आठवायचं नाही. भांडण मिटवायची ही तऱ्हा मी घरी करून पाहिली. माझ्या हातून नाही जमली.

आमच्या आळीत कुठलंही वाहन येऊन उभं राहिलं की भाऊ उठलेच. दूधवाल्याची सायकल असो, बर्फवाल्याची हातगाडी असो. जायचे, ब्रेक दाबायचे, कान लावायचे. एकदा आमच्या शाळेची तपासणी करायला साहेब आले आणि स्कूटर आमच्या आळीत सावलीला लावून शाळेत गेले. तपासणी दोन तासांत आटपली, साहेब खूश, मी खूश. बाहेर पडून आळीत येतो तो स्कूटरच्या पुढच्या चाकाची ब्रेकची तार काढून भाऊंनी ती अंगणात उन्हात पसरली होती.

"गंजलीय," भाऊ साहेबांना म्हणाले. "ही घिऊन तुमी खोपोलीकडं उतरलात आसतात तर बाईंच्या शाळेचा रिपोर्ट कुणी लिवला आसता?"

नवी तार यायला संध्याकाळ झाली. तोवर साहेबांना दुसरं काही काम नव्हतं, म्हणून ते माझ्या वर्गात परत आले आणि त्यांनी चौथीच्या सगळ्या वह्या तपासल्या. सगळ्या. गेल्या वर्षीच्यासुद्धा. मी भाऊंशी आठ दिवस बोलले नाही. भाऊंच्या ते लक्षातही आलं नाही, ते आक्कांना म्हणाले म्हणे, बाई हल्ली कामात असतात.

आक्का म्हणजे त्यांची बायको. बुटकी, गोल, आवाज खणखणीत. भाऊंना त्या 'अहो' म्हणत नसत, नुसतं "ऐकलं का" म्हणत, आणि ते ऐकत. आक्कांचं माहेर लांब नव्हतं. पळसदरीच्या वाटेवर एक टेकाड चढून पलीकडे उतरलं की लागलं, फार तर दीड मैल. त्या दीड मैलानं त्या घरात तीस वर्षं रामायण केलं होतं.

झालं असं की लग्नाची वरात त्या टेकाडावरून चालत आली. नवी नवरी घामाघूम. तेव्हा भाऊंना रेल्वेत लागून सहाच महिने झाले होते, अंगात रग. सगळ्यांसमोर ते मेहुण्याला म्हणाले, "तुमची भन आज चालली ती चालली. आता भाऊबीजेला मी सोता गाडीवरनं घिऊन येईन." झालं, शब्द गेला. पुढे दरवर्षी दिवाळीत भाऊंची ड्यूटी. आक्का भाऊबीजेला चालत जायच्या, एकट्या, तबक पदराखाली झाकून. आणि नामदेवदादा, म्हणजे त्यांचा भाऊ, ओवाळून झालं की सगळ्या घराला ऐकू जाईल असं विचारायचा, "मेहुण्यांची गाडी लेट हाय काय गं?" तीस वर्षं हाच विनोद. आक्का हसायच्या आणि घरी येऊन दोन दिवस भांडी आपटायच्या.

निवृत्त झाल्यावर महिन्याभरात भाऊंनी फटफटी आणली. आणली म्हणजे बैलगाडीतून आणली. खालापूरकडच्या एका खडीवाल्याच्या गोठ्यात ती पडून होती. सीट फाटून त्यातला काथ्या बाहेर आलेला आणि त्या काथ्यात कोंबडी रवणीला बसलेली. भाऊंनी अंडी फुटेपर्यंत एकवीस दिवस वाट पाहिली आणि मग गाडी उचलली. इंजिन वेगळं होतं, गोणपाटात. ते आणून त्यांनी खाटेखाली सरकवलं आणि फटफटी ओटीवर मधोमध उभी केली. मग आधी काय हाती घेतलं ते सांगायला नकोच.

पहिल्या दिवाळीपर्यंत फक्त पुढच्या ब्रेकची तार झाली. तार नवी आणली, तिच्या टोकाला शिशाची गोळी स्वतः ओतली, वेष्टणात ग्रीस भरलं, बसवली. दाबून पाहिली, कान लावला आणि काढली. का, तर पावसाळ्यात बसवलेली तार उन्हाळ्यात ढिली पडेल. उन्हाळ्यात पुन्हा बसवली, पुन्हा काढली, आता का, तर पावसाळ्यात आखडेल. मागच्या चाकाचा ब्रेक पायाचा, त्याला सळई. ती सळई त्यांना पसंत पडेना, म्हणून तिथंही तार घातली, एकाला दोन तारा, एक तुटली तर दुसरी असावी. दुसरी दिवाळी आली. आक्का तबक घेऊन चालत गेल्या.

"अहो भाऊ," मी म्हटलं, "आणि इंजिनाचं काय?"

"इंजिन काय, कवाबी लागंल," ते म्हणाले. "कर्जतात इंजिनांची कमी हाय काय?"

सीटवरून मात्र आक्कांनी त्यांना रजा दिली. भाऊंच्या मनात एकट्यापुरती सीट होती, पुढे निमुळती. आक्का बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ऐकलं का, मी कुठं बसू? टाकीवर?" त्या दिवसापासून सीटचं खातं त्यांच्याकडे. गोधडी शिवायला आख्ख्या आळीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी काथ्या धुऊन वाळवला, पिंजला, त्यावर आपल्या जुन्या लुगड्यांच्या चार घड्या टाकल्या, वरून बाजारातून आणलेलं तांबडं रेग्झिन. दाभणानं, सुतळीनं, गोधडीला घालतात तसे बारीक टाके घालत त्या चार दुपारी फटफटीभोवती फिरत होत्या. सीट झाली मात्र देखणी. मऊ, रुंद, दोन माणसं ऐसपैस बसतील अशी. एवढंच की सीट काढून न घेता जागच्या जागी शिवल्यामुळे शेवटचे टाके त्यांनी खालच्या लोखंडी सांगाड्याला वळसा घालून मारले होते. सीट फटफटीला शिवून टाकली होती.

"आता ती निघणार कशी?" भाऊंनी विचारलं.

"निघायला कशाला पायजे?" आक्का म्हणाल्या.

मग आक्का रोज दुपारी त्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसायला लागल्या, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत. सवय हवी म्हणून. थोड्या दिवसांनी भाऊही पुढे बसायला लागले, दोन्ही हात मुठींवर. मी शाळेतून यायचे तेव्हा ही दोघं बिनइंजिनाच्या फटफटीवर ओटीवर बसलेली असत.

"कुठवर आलो?" आक्का विचारायच्या.

"टेकाड लागलंय," भाऊ म्हणायचे, आणि ब्रेक दाबायचे.

"परत थांबलो का?"

"उतार हाय ना फुडं."

हसू यायचं, तसा रागही यायचा मला. मी एकदा स्पष्टच म्हटलं, "दीड मैल तर आहे. दोघं चालत जा की." आक्कांनी सूप बाजूला ठेवलं. "चालत मी तीस वेळा गेले, बाई," त्या म्हणाल्या. "आता नाय जायाची."

तिसऱ्या वर्षी गणपतीनंतर निरोप आला की नामदेवदादा घर बंद करून मुलाकडे ठाण्याला राहायला जाणार. दिवाळी उरकून निघणार. म्हणजे त्या घरातली ही शेवटची भाऊबीज. आक्कांनी खाटेखालचं गोणपाट स्वतः ओढून बाहेर काढलं आणि खोपोलीच्या युसूफ मिस्त्रीला बोलावून आणलं.

युसूफ कामाला वाघ. सीट काढता येत नाही म्हटल्यावर त्यानं आधी कपाळाला हात लावला, मग आक्कांकडे पाहिलं, मग मुकाट्यानं फटफटीखाली उताणा झोपून पंधरा दिवस काम केलं. नरक चतुर्दशीला इंजिन सुरू झालं. आळी जमली. भाऊ नवा सदरा घालून बसले. युसूफनं गिअर टाकून दिला आणि म्हणाला, "अब धीरे से छोडो, भाऊ." गाडी एकदा थरथरली आणि मेली. पुन्हा सुरू केली, पुन्हा मेली. चौथ्यांदा युसूफच्या लक्षात आलं. डाव्या हातातला क्लच भाऊ सोडत होते, पण उजव्या हातानं पुढचा ब्रेक आणि उजव्या पायानं मागचा, असे दोन्ही गच्च आवळून धरले होते.

"भाऊ, ब्रेक छोडो ना."

"सोडलाय."

सोडला नव्हता. बोटं पांढरी पडली होती.

पुढल्या जूनमध्ये माझी बदली खालापूरला झाली, नंतर भाऊंची भेट अशी कधी झालीच नाही. त्यामुळे भाऊ म्हटले की माझ्यापुरते ते त्या भाऊबीजेच्या दिवसाचेच.

सकाळी आक्का हिरवं लुगडं नेसून, तबक मांडीवर घेऊन सीटवर बसल्या. भाऊंनी अकरा वेळा सुरुवात केली आणि अकरा वेळा गाडी जागच्या जागी मारली. बाराव्या वेळी इंजिनातून धूर आला आणि ते कायमचं गप्प झालं. भाऊ उतरले, कुणाकडे न बघता घरामागे गेले. आक्कांनी मला डोळ्यांनी खूण केली. मी गेले तर विहिरीच्या कठड्याला टेकून ते आपला उजवा हात उघडत होते, मिटत होते.

"हात उघडत नाय, बाई," ते म्हणाले. "बत्तीस वर्षं थांबवायचंच काम केलं. चालवली एकबी नाय. मागं ती बसलीय. मी हात सोडला आन् काय झालं तर?"

या माणसानं माझ्या कुरडयांचं वाटोळं बसल्या जागेवरून बघितलं होतं, चौथीच्या वह्या तपासून घ्यायला लावल्या होत्या. पण त्या क्षणी मला त्यांची फार माया आली. मी त्यांच्या शेजारी कठड्याला टेकले.

अंगणात युसूफ आक्कांना सांगत होता, दुसरी गाडी आणतो, मी सोडतो तुम्हाला, पाच मिनिटांचं काम. आक्कांचा आवाज विहिरीपर्यंत आला. "मी गाडीची वाट नाय बगितली रं बाबा. ह्यांची बगितलीय." मग पुन्हा, "बाई, त्यांना म्हणावं या. इंजिन मेलं तर मेलं. आपण कर्जतात ऱ्हातो ना? मागनं बँकर लावा."

परगावच्या माणसाला सांगायला हवं. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, कारण पुढचा घाट तिला एकटीला चढत नाही. तिच्या मागे जादा इंजिनं लावतात, ती तिला ढकलत वर नेतात. त्यांना आम्ही बँकर म्हणतो. कर्जतचं पोर बोलायला लागलं की हा शब्द शिकतं.

तर असे आम्ही तीन बँकर. युसूफ, माझे यजमान आणि मी, पदर खोचून. पुढे भाऊ मुठी धरून, मागे आक्का तबक धरून. दोन्ही बाजूंनी भाताची कापणी चाललेली, लोक विळे हातात धरून उभे राहिले. कुणी विचारलं, "आक्का, कुठं?" आक्का म्हणाल्या, "म्हायेरी." बस्स, एवढंच. जणू माणसं रोजच अशी माहेरी जातात. माझे यजमान दर दिवाळीला चिवडा किती खातात ते मला त्या चढावर त्यांच्या श्वासावरून कळलं.

टेकाडाच्या माथ्यावर भाऊंनी गाडी थांबवली. उतरले. पुढची तार चाचपली, मागच्या दोन्ही चाचपल्या. कान लावला. खाली रस्ता सरळ उतरत होता, उताराच्या शेवटी नामदेवदादाचं घर, दारात माणसं उभी, कुणीतरी त्यांना खबर दिली असावी. अर्ध्या उतारावर जांभळीचं झाड.

"जांभळीपाशी थांबवून दावीन," भाऊ आम्हाला म्हणाले. "मंग खाली. आता हात काढा."

आम्ही हात काढले. पहिली काही पावलं गाडी ब्रेकच्या जिवावर सरकली, मुंगीच्या चालीनं. मग जरा सुटली. मला भाऊंची पाठ दिसत होती आणि उजवा हात. जांभळ जवळ आली. यजमान पुटपुटले, "आता दाबतील." युसूफ म्हणाला, "दबाया." दाबला नव्हता. जांभळीपाशी आले आणि त्या हाताची चारही बोटं मला सरळ, मोकळी झालेली दिसली. गाडी जांभळ ओलांडून निघाली.

आवाज काही नाही. इंजिन मेलेलं. नुसत्या वाऱ्यानं फडफडणारं हिरवं लुगडं, आणि त्या शांततेत आक्कांचं हसू. मी त्या बाईला दहा वर्षं ओळखत होते, तिला असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. भाऊंच्या सदऱ्यात वारा भरला होता. नामदेवदादा रस्त्यात पुढे आला, त्यानं दोन्ही हात वर केले आणि चटकन बाजूला उडी मारली. मेहुणे त्याच्या दारासमोरून तसेच पुढे गेले. घर मागे राहिलं, विहीर मागे राहिली, रस्ता संपला, कापलेलं शेत आलं. तिथं गाडी हळूहळू मंद झाली आणि उभी राहिली.

आम्ही धावत पोचलो. भाऊंनी दोन्ही पाय जमिनीला टेकले होते. चेहरा पांढराफटक, डोळे हे एवढे. "बाई," ते म्हणाले, "आपली आपण थांबली."

नामदेवदादा मागून धापा टाकत आला. तीस वर्षांचा विनोद त्याच्या ओठांवर असणार, पण बहिणीकडे बघून त्यानं तो गिळला. एवढंच म्हणाला, "घर मागं ऱ्हायलं गं. चल, पाट मांडलाय."

आक्का खाली उतरल्या नाहीत. पदर सावरला, कपाळावरचे केस मागे सारले आणि मांडीवरचं तबक भावाच्या हातात दिलं.

"दादा, हे धर. पाटावर जाऊन बस, आमी आलोच," त्या म्हणाल्या, आणि आमच्याकडे वळल्या. "बाई, बँकर लावा. परत टेकाडावर."